रक्तावरची साय

थंडी पडली की माझ्या बोटांना काच आठवते. सकाळच्या गार काचेच्या पट्ट्या, त्यांच्यावर ओतलेला कोमट, खिरीसारखा अगार, आणि तो थिजत असताना बोटांच्या टोकांना लागणारा ओलसर गारवा. साताऱ्याच्या या घरात आता मी एकटीच असते. हिवाळ्यात किल्ला धुक्यातून वर यायला वेळ लावतो. न्हाणीघरातलं खोबरेल बाटलीत पांढरं होऊन बसतं. ती बाटली उन्हात ठेवायला म्हणून मी दारात गेले, की सांगलीतला एक जुना हिवाळा न बोलावता माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसतो.

परवा रक्त तपासायला दिलं होतं. वयाप्रमाणे आता ते दरवर्षी द्यावं लागतं. संध्याकाळी कागद हातात आला. कोलेस्टेरॉल, त्याखाली बाकीच्या चरब्या, आणि अगदी शेवटी चरबी वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाचं नाव आणि समोर आकडा. हे प्रथिन मोजायला अँटीबॉडी लागते. कुठल्या तरी बकरीच्या नाहीतर सशाच्या रक्तातून काढलेली ती अँटीबॉडी बाटलीत बसून दूरदेशाहून येते, आणि नाक्यावरच्या लॅबमधलं यंत्र आपला चहा पिऊन होण्याच्या आत उत्तर देतं. रक्त घेणाऱ्या मुलीला मी काही बोलले नाही. अशाच एका प्रथिनापायी मी एक अख्खा हिवाळा घालवला होता, हे तिला सांगून काय करायचं? तिच्यापुढे रांग होती.

सत्तरच्या दशकातली ती अखेरची वर्षं. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी रक्तातल्या चरबीवर संशोधन करत होते. पावसाळ्यात आई गेली. तिचं दिवसपाणी उरकतंय तोच आप्पांना, माझ्या वडिलांना, हृदयविकाराचा झटका आला. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले आप्पा साताऱ्याच्या घरात एकटे राहिले. मला भावंड नाही. साताऱ्यात माझ्या शिक्षणाला नोकरी नव्हती. ती मिळाली सांगलीच्या एका रुग्णालयात, रक्त तपासायच्या खोलीत. म्हणून दिवाळीनंतर मी सांगलीत एक खोली भाड्यानं घेतली आणि दर शनिवारी दुपारच्या एसटीनं साताऱ्याला जायला लागले.

वाटेवर उसाच्या बैलगाड्यांची रांग असायची. कारखान्याजवळून जाताना मळीचा आंबूस-गोड वास गाडीत शिरायचा आणि कराड गेल्यावर तो विरून जायचा. तिथून पुढं मला वाटत राहायचं, आपण ज्या गावाहून निघालो तिथं आपल्याला कुणी निरोप दिला नाही आणि जिथं निघालोय तिथं कुणी वाट बघत नाही. आप्पा वाट बघत असतीलही. त्यांनी ते कधी दाखवलं नाही.

डॉक्टरांनी त्यांचं तूप, तेल, साय सगळं तोडलं होतं. मी पोचले की बिनफोडणीचं वरण, उकडलेली भाजी आणि कोरडी भाकरी करायची. दिवेलागणीला ते जेवून घ्यायचे, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवायचे आणि बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसायचे. मग मी माझ्यासाठी काहीतरी फोडणीला टाकायची आणि ओट्याशी उभ्यानंच खायची. आधी आई आम्हा दोघांच्या मधे बोलायची. ती गेल्यावर लक्षात आलं, की आप्पा आणि मी एकमेकांशी थेट असं कधी बोललोच नव्हतो.

मुंबईहून निघताना माझ्या मार्गदर्शक सरांनी एक चिमुकली कुपी माझ्या हातात ठेवली होती.

"तुझं अर्धं काम यात आहे," ते म्हणाले. "सांगलीत ससे मिळतात ना?"

"मिळतील."

"मग तिथं अँटीबॉडी कर. उरलेलं काम तिच्यावर होईल."

बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ती कुपी घेऊन मी आले. काय होतं तिच्यात, ते सोपं करून सांगते. आपण खाल्लेली चरबी रक्तातून फिरते ती बारीक बारीक थेंबांच्या रूपात, अंगावर प्रथिनांचं पांघरूण घेऊन. हे थेंब फोडून चरबी कामाला लावणारं एक एन्झाइम असतं. पण ते आपण होऊन काम करत नाही. थेंबाच्या पांघरुणातच एक छोटंसं प्रथिन असतं, ते त्याला जागं करतं. एक हाक मारतं, दुसरं उठतं. माझ्या कुपीत ते हाक मारणारं प्रथिन होतं, कित्येक माणसांच्या रक्तातून थोडं थोडं वेगळं काढलेलं. सशाला ते टोचलं की सशाचं शरीर हे परकं कोण म्हणून ते ओळखायला शिकतं आणि त्याच्यावर अँटीबॉडी तयार करतं. मग त्या सशाच्या रक्ताला कुणाही माणसाचं रक्त दाखवावं. हजार प्रथिनांच्या गर्दीतून ते नेमकं तेवढंच प्रथिन धरणार.

हे काम हिवाळ्याचं होतं. मुंबईत त्यासाठी बर्फागत गार खोली होती. सांगलीत एक फ्रिज, त्यात लसी आणि रक्ताच्या बाटल्या, आणि वीज तिच्या मर्जीनं येणारी. उन्हाळ्यात प्रथिनं नासतात, अगारला बुरशी धरते. दिवाळीनंतर होळीपर्यंत निसर्ग जेवढा गारवा देईल तेवढ्यात काय ते उरकायचं. इतरांना थंडी म्हणजे हुरडा, शेकोटी, गुळाच्या काहिलीभोवतीची गर्दी. मला ती हाताशी असलेली एकुलती एक सोय होती, आणि ती रोज थोडी थोडी सरत होती.

रुग्णालयाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत दोन ससे ठेवले, एक पांढरा आणि एक तांबूस. मंडईतून येताना मी त्यांच्यासाठी लसूणघासाची पेंढी आणायची. प्रथिन तेलात घोटून त्यांना टोचायचं आणि मध्ये दिवस सोडून पुन्हा टोचायचं. कानाच्या शिरेतून रक्त काढताना ससा ओरडत नाही, नुसता थरथरतो. मी त्यांना नावं दिली नाहीत. पण त्यांच्याशी बोलायची मात्र. दिवसभरात दुसरं कुणी बोलण्यासारखं नसायचं. घरमालकीणबाई "आलात का?" विचारायच्या आणि उत्तराच्या आत दार लावून घ्यायच्या. पांढऱ्या सशानं काहीच अँटीबॉडी केली नाही. तांबूस सशानं केली. पहिल्यांदा त्याच्या रक्तानं माझ्या रक्तातलं प्रथिन धरलं, त्या दिवशी मी त्याला गाजर दिलं. सगळ्या सांगलीत माझ्यातलं काहीतरी ओळखणारा तो एकटाच जीव होता.

याच दिवसांत शालन आली.

तासगावच्या पलीकडच्या एका गावातली, विशीतली बाई. नवरा फौजेत, उत्तरेला कुठंतरी बर्फात. सासू तिची सख्खी आत्याच. त्यांच्यात नात्यातच देवघेव चालायची. शालनला सहावा महिना होता आणि पोटात अशी कळ उठली होती, की बैलगाडीतून तासगाव आणि तिथून जीपमधून सांगली गाठेपर्यंत ती गुडघे पोटाशी घेऊनच होती. आमचे मोठे डॉक्टर मगदूम तिच्या रक्ताची नळी स्वतः घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाई, हे बघा. तुमच्या कामाचं दिसतंय."

नळीत खाली लाल आणि वर पांढरंफेक. दूध सांडलंय की काय असं वाटावं. थोड्या वेळानं त्या पांढऱ्यावर दाट थर जमला, तापवून निवलेल्या दुधावर येतो तसा. रक्तावर साय आली होती. पुस्तकात मी हे वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. तिच्या रक्तातली चरबी फुटतच नव्हती. खाल्लेलं तसंच फिरत होतं, साचत होतं, आणि त्यापायी तिचं स्वादुपिंड सुजत होतं. गरोदरपणात रक्तातली चरबी तशीही वाढते. अशा बाईला पुढचे महिने धोक्याचे असतात, आई आणि मूल दोघांनाही.

कळ ओसरल्यावर मी तिच्या खाटेशी गेले. पायथ्याशी तिची आत्या बसली होती. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळभर कुंकू. तिला सगळे आक्का म्हणत.

"ल्हानपणापास्नं दुखतंय हिचं," आक्का म्हणाल्या. "सण झाला की दुखणार. कुणी म्हनलं जंत, कुणी म्हनलं नजर. लय केलं. आता दिवस गेल्यात तवापास्नं म्या हिला रोज वाटीभर तूप देत्या. दुभत्याचं घर हाय आमचं. काय कमी पडू दिलं न्हाई."

"आक्का, तेच बंद करायचं आहे. तूप, लोणी, दूध, तेल, शेंगदाणे, तीळ, खोबरं. सगळं."

"पोटुशी बाईला तूप बंद? आवं बाई, मग लेकरू कशावर वाढायचं?"

"भात, ज्वारी, डाळीचं पाणी, भाजी, फळं. ऊस, द्राक्षं हवी तेवढी."

"ह्ये तर तुरुंगातलं जेवण हाय," आक्का म्हणाल्या.

आपल्या भाषेत तेल-तुपाला स्नेह म्हणतात आणि मायेलाही. आक्कांना त्या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं. आई नसलेल्या भाचीला सून करून आणलेली. तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवताना त्यांना किती बरं वाटत असेल.

मगदूम डॉक्टरांशी बोलताना मी दोन शक्यता मांडल्या. एक, शालनच्या अंगात ते चरबी फोडणारं एन्झाइमच नसेल. मग जन्मभर पथ्य, दुसरा इलाज नाही. दुसरी, एन्झाइम असेल पण त्याला जागं करणारं प्रथिन नसेल. तसं असलं तर धडधाकट माणसाच्या रक्तातला नितळ भाग शिरेतून चढवला की त्यातून ते प्रथिन तिला मिळेल आणि काही दिवस तरी रक्त निवळेल. बाळंतपण पार पडेपर्यंत तेवढं पुरलं असतं.

"मग चढवून बघायचं का?" मी विचारलं.

"पोटुशी बाई आहे. अंदाजानं दुसऱ्याचं रक्त नाही चढवणार मी," ते म्हणाले. "तुमची ती सशाची अँटीबॉडी आहे ना? ती काय सांगते बघा. तिच्यात ते प्रथिन नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी चढवतो."

म्हणजे सगळं माझ्या त्या काचपट्टीवर आलं.

शालन वॉर्डात होती तोवर मी दुपारी तिच्याकडं जाऊन बसायची. तिचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं, पण एक गोष्ट दोनदा सांगावी लागायची नाही. अगारवर भोकं कशी पाडतात, एका भोकात सशाचं सीरम, म्हणजे रक्तातला नितळ भाग, दुसऱ्यात माणसाचं कसं घालतात, दोन्ही ओलीतून एकमेकांकडं सरकतात आणि ओळख पटली तर मधे भेटीच्या जागी पांढरी रेघ उमटते, हे मी तिला बोटानं चादरीवर काढून दाखवलं.

"आन वळख न्हाई पटली तर?"

"तर रेघ नाही. मधलं कोरंच राहतं."

"माझं कोरं ऱ्हायलं तर बरं, व्हय न्हवं?"

"हो. तुझं कोरं राहिलं तर इलाज आहे."

तिच्या प्रथिनाशी ताडून बघायला धडधाकट माणसाचं प्रथिन लागणार होतं, ते मी माझंच घ्यायचं ठरवलं. पण त्यासाठी माझ्याही रक्तात चरबीचे थेंब हवेत. मग एके सकाळी बाजारातून लोणी आणलं, खोलीवर भाकऱ्या केल्या, आणि एकटीनं भिंतीकडं तोंड करून लोणी-भाकरी खात राहिले, पोट नको म्हणेपर्यंत. आईच्या हातची आठवण यावी असं ते खाणं, पण मी ते औषधासारखं खाल्लं. दुपारी नर्सकडून रक्त काढून घेतलं आणि नळी सेंट्रिफ्यूजच्या यंत्रात गरगर फिरवली. वर पुसट पांढरी झाक आली. शालनच्या नळीतली साय बोटभर जाड होती. दोन्ही नळ्यांतलं वरचं पांढरं वेगळं काढून धुतलं, त्यातली चरबी काढून टाकली आणि उरलेलं प्रथिन पट्टीवरच्या शेजारशेजारच्या भोकांत घातलं. मधल्या भोकात तांबूस सशाचं सीरम. ओलं फडकं घातलेल्या डब्यात पट्टी झाकून ठेवली आणि खोलीवर गेले.

सकाळी प्रयोगशाळेत कुणी आलं नव्हतं. खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावर पडत होती. पट्टी काळ्या कागदावर धरून मी ती उन्हात तिरकी केली.

माझ्या भोकासमोर रेघ होती. शालनच्या भोकासमोरही होती. शिवाय त्या दोन रेघा वेगळ्या नव्हत्या. माझी रेघ वळून तिच्या रेघेत मिसळली होती, कुठं तुटली नव्हती, तिला ओलांडून गेली नव्हती. एकच बारीक पांढरी कमान. दोन्हीकडचं प्रथिन अगदी एकच असलं म्हणजेच असं होतं. परक्या गावात, माझ्या कुणी न लागणाऱ्या एका बाईच्या रक्तातलं आणि माझ्या रक्तातलं काहीतरी काचेवर असं जोडलं गेलेलं मी पाहिलं. इतकी रेखीव कमान मला मुंबईतही कधी मिळाली नव्हती. आणि ती यायला नको होती. शालनसाठी नको होती, आणि इतक्या वर्षांच्या माझ्या कामासाठीही. ते प्रथिन नसलेलं माणूस सापडतं तर ते जगाला सांगण्यासारखं होतं. असलेल्याचं कोण ऐकणार?

दाखवायलाही कुणी नव्हतं. पट्टी हातात धरून मी बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. मगदूम डॉक्टर बाह्यरुग्ण विभागाकडं निघाले होते. रेघ आली, मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे चढवून उपयोग नाही?"

"नाही. तिच्यात ते आहे."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रोग्याला आत घेतलं.

शालनला मी दुपारी सांगितलं. ती उठून बसली.

"म्हंजे तुमच्यात हाय ते माझ्यातबी हाय?"

"हो. अगदी तेच."

"मग बिघडलंय कुठं?"

"त्याच्या पुढं. ते हाक मारतंय, पण उठणारंच कुणी नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी वाळत घातलेली लुगडी ओढून काढत होतं. मग ती म्हणाली, "असं असतंय की. आपुन वरडायचं, आन घरात कुणीच न्हाई."

तिच्या मनात तिचा नवरा असेल. माझ्या मनात कोण होतं ते मला सांगता आलं नसतं.

सशाच्या त्या सीरमचं, अँटीसीरमचं, पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. उन्हाळ्यात एकदा वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. लसी बर्फात हलवल्या. माझ्या कुप्या कुणाच्या ध्यानातही आल्या नाहीत, आणि मी तेव्हा साताऱ्यात होते. परत आले तर सगळ्या कुप्या गढूळ, वास मारणाऱ्या. मोरीत ओतून दिल्या. सर तोवर परदेशी निघून गेले होते. मी रुग्णालयात साखर आणि युरिया तपासत निवृत्तीपर्यंत राहिले. याचं दुःख आता होत नाही. पण थंडीतल्या सकाळी उन्हाची तिरीप टेबलावर आली की हात अजून काहीतरी तिरकं धरायला पुढं होतो.

शालनला घरी सोडलं तेव्हा आक्का पथ्याला हो म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते बसलेलं नव्हतं. संक्रांत आली. आपल्याकडचा हा सण सगळा तिळाचा, लोण्याचा, शेंगदाण्याच्या कुटाचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायांनी पोटुशी सूनबाई म्हणून शालनच्या हातावर तीळगूळ ठेवला, खा गं खा गं म्हणून खायला लावला. भोगीची लोणी घातलेली भाजी आदल्या दिवशी झालेलीच होती. आक्का तिथंच होत्या. एवढ्यानं काय होतंय, असं त्यांना वाटलं.

तिला पुन्हा आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. नळीतलं रक्त पाहून नर्स मागं सरली. डॉक्टरांनी तोंडावाटे पाणीसुद्धा बंद केलं, नुसतं सलाइन. मुलाचे ठोके लागतात की नाही ते दर थोड्या वेळानं पोटावर नळी लावून ऐकत होते. मी रोज तिचं रक्त फिरवून बघायची; वरची साय किती, एवढंच. दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडं नव्हतं. त्या शनिवारी मी साताऱ्याला गेले नाही. आप्पांना शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. निरोपावर निरोप आला, "ठीक आहे."

आक्का व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून असायच्या. एकदा मी जवळून जाताना त्यांनी माझा पदर धरला.

"बाई, म्याच घातलं तिला. माज्या हातानं घातलं."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं आक्का."

"तुमी सांगितलं हुतं की. कानानं ऐकलं हुतं." त्यांनी पदर सोडला. "मनानं ऐकाय येळ लागला."

हळूहळू साय पातळ झाली. मग नुसती दुधट झाक उरली. मूल हलत होतं. शालननं डोळे उघडून पहिल्यांदा मागितलं ते द्राक्ष. तासगावकडचा माल नुकताच बाजारात आला होता, अजून आंबट. आक्कांनी एकेक मणी सोलून तिच्या तोंडात घातला.

पुढच्या खेपेला तपासणीला आल्या तेव्हा आक्का सुकलेल्या दिसल्या. गालांची हाडं वर आली होती. मी विचारलं, बरं नाही का? शालन हसली.

"आत्या बी माझंच खात्यात. येगळी चूल मांडलीया आमा दोघींची. बिनत्यालाची. घरातली समदी हिकडं जेवत्यात, आन आमी दोघी तिकडं."

"तुम्ही कशाला आक्का? तुम्हाला काही झालेलं नाही."

"ही एकली बसून त्ये पाणचट गिळत हुती," आक्का म्हणाल्या. "भितीकडं त्वांड करून. मला बघवंना. संगं बसल्यावर जातंय की दोन घास जादा."

फाल्गुनात शालन बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप होत्या, पण माझ्या मनातली एक भीती मी कुणाजवळ बोलले नव्हते. नवरा-बायको रक्ताच्या नात्यातली. शालनमध्ये जे नव्हतं ते मुलीतही नसेल तर? जन्मतःच ते कळत नाही; बाळ दूध प्यायला लागलं की कळतं. चैत्रात त्या मुलीला दाखवायला आल्या. एवढ्याशा टाचेतून थेंब थेंब रक्त घेतलं. मी नळी फिरवायला लावली. सेंट्रिफ्यूजची घरघर संपेपर्यंत आम्ही तिघी प्रयोगशाळेत उभ्या होतो. शालनला काय बघायचं ते मी न सांगता कळलं होतं.

नळी बाहेर काढली. वर नितळ, गव्हाच्या काडीच्या रंगाचं. पलीकडचं बोट दिसत होतं.

मी नळी शालनच्या हातात दिली. ती उजेडाकडं धरून ती किती तरी वेळ बघत राहिली. मग आक्कांकडं दिली. आक्कांनी ती घेतली, पाहिली, मला परत दिली, आणि मुलीला मांडीवर घेऊन खाली बसल्या. जाताना शालन दारात थांबून म्हणाली, "येतो बाई." नंतर ती नवऱ्याच्या छावणीकडं राहायला गेली असं कानावर आलं. पुन्हा आमची भेट झाली नाही.

बाळाचं रक्त तपासलं त्या आठवड्यात शनिवारी साताऱ्याला पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. आप्पा खुर्चीत होते. मी नेहमीसारखा स्वयंपाक केला. बिनफोडणीचं वरण, दुधीची उकडलेली भाजी, भात. मग दोन ताटं घेतली. दोन्हीत तेच वाढलं, आणि त्यांच्या समोर पाट टाकून बसले.

आप्पांनी माझ्या ताटाकडं पाहिलं. "तू आत्ताच जेवतेस?"

"हो."

"आणि हेच?"

"हेच."

जेवता जेवता मी सांगायला लागले. शालनचं, आक्कांचं, रक्तावरच्या सायीचं, त्या कमानीचं, बाळाच्या नळीचं. माझ्या कामाबद्दल मी त्यांच्याशी इतकं कधी बोलले नव्हते. त्यांनी मधे एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं, ऐकत नाहीत.

"त्या शालनची रेघ तुझ्या रेघेला मिळाली," ते म्हणाले, "तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

ते ताटावरून उठले. मला वाटलं झालं त्यांचं. पण ते फळीकडं गेले आणि आईनं ठेवलेली, गेल्या पावसाळ्यापासून कुणी हात न लावलेली तुपाची तांबली खाली काढली. तूप जुनं, रवाळ झालेलं. त्यांनी ते चमच्यानं खरवडलं आणि माझ्या भातावर घातलं. त्यांच्या हाताला वाढायची सवय नव्हती. निम्मं ताटाबाहेर पडलं.

"मला पथ्य आहे," ते म्हणाले. "तुला कशाला?"

आणि पुन्हा माझ्या समोर बसून ते त्यांचा कोरडा भात सावकाश खायला लागले, माझं संपेपर्यंत.